सुधाकर सरांचं एकच सत्य

कुडव्यातल्या आमच्या चर्चची उपासना संपली की आम्ही चार-पाच जण सुधाकर सरांच्या घरी चहाला जमतो. नाव बायबल अभ्यासाचं, काम वादाचं! अशा घरात किस्से साठतातच, आणि हसून सांगता सांगता एखादा घशात अडकतो.

सर गणिताचे निवृत्त मास्तर. त्यांचं म्हणणं ठाम, "सत्य एकच. तुझं वेगळं, माझं वेगळं, असं नसते!"

*

नागझिऱ्याच्या जंगलातला गाईड, आमच्यातलाच मनोहर, चर्चमध्ये साक्ष द्यायला उभा राहिला. देवानं आपलं काय भलं केलं ते सगळ्यांपुढे सांगायचं, ती साक्ष.

"प्रार्थना केली अन् वाघ आल्या पावली परत गेला!"

"हालेलुया!" सगळे ओरडले.

मागून सर म्हणाले, "मागच्या महिन्यात अस्वल होतं. आता वाघ काऊन?"

"भेव तं तेवढंच होतं ना, सर!"

"भेव तुझं. जनावर देवाचं. ते बदलवू नको!"

*

शेजारच्या भाभी एकदा म्हणाल्या, "अपना अपना सच होता है, सरजी."

सर तापले. "चहात साखर आहे का नाही, हे ज्याच्या त्याच्यावर असते का?"

"आपके में है, मेरे में नहीं. डॉक्टर ने मना किया है!"

त्या दिवशी सरसुद्धा हसले होते.

*

मग अमितचं लग्न निघालं. सरांचा एकुलता मुलगा, तिरोड्याला नोकरी. मुलगी बौद्ध घरातली.

"तिच्या घरचं बी खरंच हाय, बाबा."

"दोन्ही खरं कसं असंन? सत्य म्हणजे मत नाही. सत्य म्हणजे प्रभू स्वतः, जिवंत व्यक्ती!"

"व्यक्ती असंन तं त्याले माया बी असंन ना, बाबा?"

"विषय बदलू नको!"

अमितनं गाडीला किक मारली. तिरोडा काही लांब नाही. पण लग्नाला सर गेले नाहीत, आणि नंतर अमितही घरी आला नाही. आम्हाला अजून वाईट वाटतं.

*

पुढे एका रविवारी मनोहरनं प्रार्थना केली, "प्रभू, या घरातलं एक मन मऊ कर."

सरांनी डोळे उघडले. "नाव घे. मोघम मागू नको!"

मनोहर डोळे मिटूनच म्हणाला, "देवाले माहीत हाय, सर."

*

गेल्या रविवारी सर तापातून नुकतेच उठले होते. सरांच्या बायकोनं, आमच्या काकूंनी, चहा ठेवला आणि सरांकडे न बघता म्हणाल्या, "काल अमितचा फोन आला होता. तुमची तब्येत विचारून राहिला होता."

त्या घरात फोन एकच. तो कायम सरांच्या शर्टाच्या खिशात असतो, तापातही होता.

मनोहरनं माझ्याकडे पाहिलं. या खोट्यावर आता काकूंची खैर नाही!

सरांनी खिशावर हात ठेवला. मग विचारलं,

"जेवला होता का तो?"