तिच्या नावाची फर्माईश

आमच्या दहावीच्या वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप निघाला तेव्हा पहिले आठ दिवस मी अगदी खुळ्यासारखी खूश होते. भाजी फोडणीला टाकता टाकता फोन बघायचा, करपली तर करपली. कोणी बसस्टँडवर मिळणाऱ्या गाण्यांच्या पुस्तकाचा फोटो टाकायचं, ते पातळ पिवळ्या कागदाचं, पिक्चरची सगळी गाणी छापलेलं. एकीने तर कंपासपेटीच्या झाकणात चिकटवलेला हिरो अजून जपून ठेवला होता, एक डोळा गेलेला. आणि पोरांचे ते मधोमध भांग पाडलेले फोटो! आता त्यांतल्या निम्म्यांच्या डोक्यावर भांग पाडायला काही उरलेलंच नाही. मी लातुरात एका शाळेत मराठी शिकवते, दिवसभर पोरींवर खेकसते, आणि घरी आले की ग्रुपवर पंधरा वर्षांची होऊन खिदळते. नवरा म्हणाला, "त्या फोनचंच पिठलं कर आज."

नवव्या दिवशी ग्रुपच्या अ‍ॅडमिनने लिहिलं, "रेडिओवरची फर्माईश आठवते का कुणाला?" आणि पुढे हसून हसून रडणारी पाच तोंडं.

फोन उपडा घालून मी कट्ट्यावर ठेवला आणि उगाच नळ सोडून उभी राहिले. हा अ‍ॅडमिन म्हणजे ज्याचं नाव त्या फर्माईशीत वाचलं गेलं तोच आमच्या वर्गातला मुलगा. अहमदपुरात त्याचं औषधाचं दुकान आहे, पोट सुटलंय, पोरगा इंजिनिअर झालाय. त्याला ती गंमत वाटते. वाटणारच. त्याचं काय गेलं?

फर्माईश म्हणजे काय हे आताच्या पोरांना सांगावं लागतं. पोस्टकार्डावर गाण्याचं नाव लिहायचं, खाली मागणाऱ्यांची नावं आणि गाव. रेडिओवरची बाई ती सगळी नावं वाचायची आणि मग गाणं लावायची. गाण्याचं कुणाला पडलं नव्हतं हो, आपलं नाव येतं का यात जीव अडकलेला असायचा. लोक चुलतभाऊ, शेजारी, पाळण्यातलं लेकरू, सगळ्यांची नावं घुसडायचे. पण त्यात एक न सांगता कळणारा नियम होता. नावांची लांबलचक माळ असली तर घरचे नाहीतर दोस्त. नुसती दोनच नावं, एक मुलाचं, एक मुलीचं, आणि मधे 'आणि', तर मग कुणी समजावून सांगायची गरजच नाही. ऐकणारे शिट्ट्या मारायचे.

माझं अक्षर चांगलं. त्यामुळे अर्ध्या वर्गाची कार्डं मीच लिहून द्यायचे. कधी चिंचा मिळायच्या, कधी नुसतीच विनवणी.

त्या मुलावर, म्हणजे आताच्या अ‍ॅडमिनवर, माझा जीव होता. आता त्याचा डीपी बघते आणि स्वतःच्या अकलेची कीव येते, पण होता, हे खरं आहे. एक दिवस शाळेतून आल्यावर घरी कुणी नाही असं बघून मी माझ्यासाठी कार्ड लिहिलं. आधी गाणं. मग त्याचं नाव. मग 'आणि'. मग माझं नाव. खाली 'दहावी ब, अहमदपूर'. पाच वेळा वाचलं. सहाव्यांदा वाचताना अण्णा डोळ्यांपुढे उभे राहिले. माझे वडील तहसीलमध्ये कारकून होते, हात जड, राग नाकावर.

फाडून टाकायचं होतं. एवढं साधं होतं ते. पण त्याचं नाव मी इतकं जीव लावून लिहिलेलं, फाडवेना. अण्णांच्या दाढीच्या सामानातलं अर्धं ब्लेड घेतलं आणि माझं नाव हलक्या हाताने खरवडून काढलं. शाई अशीच काढायची तेव्हा. कार्डावर तेवढी जागा पातळ, पांढरी झाली. 'आणि'च्या पुढे ती मोकळी जागा बरी दिसेना. त्या जागेत मी वर्गातल्या माझ्या शेजारणीचं नाव लिहिलं.

ती माझ्याच बाकावर बसायची. खेड्यातून एसटीच्या पासवर यायची, घरची शेती. गणितात तिच्या पासंगाला कुणी पुरत नव्हतं. मला भूमिती तीच शिकवायची, "लई सोपं हाय गं, घाबरतीस काय" म्हणत. तिचंच नाव का लिहिलं, हे मी स्वतःला इतक्यांदा विचारलंय. एक कारण तर सांगायलाही लाज वाटते. तिचं नाव माझ्यासारखंच तीन अक्षरी होतं, त्या जागेत नेमकं बसत होतं. आणि दुसरं म्हणजे, तिच्या खेड्यात कोण रेडिओला कान लावून बसतंय, असं मी मनाशी म्हटलं. गंमत आहे, असंही म्हटलं. दुसऱ्या दिवशी शाळेला जाताना कार्ड पेटीत टाकलं. हात रिकामा झाल्याबरोबर मला ते परत हवं होतं. पेटीच्या फटीत बोटं घालून बघितली.

पुढचे पंधरा-वीस दिवस मी रेडिओपाशी बसून देवाला एकच मागणं मागत होते, ते कार्ड हरवू दे. त्या कार्यक्रमाची धून वाजली की आवाज बारीक करून कान लावायचे.

कार्ड वाचलं गेलं ते बाजारच्या दिवशी, मधल्या सुट्टीत. शाळेसमोरच्या चहाच्या हॉटेलात रेडिओ मोठ्याने लावलेला असायचा. आम्ही पोरी फाटकापाशी बोरं खात उभ्या होतो. आधी त्याचं नाव आलं, मग 'आणि', मग तिचं. 'दहावी ब, अहमदपूर'. "अगं बया!" म्हणून पोरी किंचाळल्या. आणि ती? ती पहिल्यांदा हसली. "माझं? माझं नाव आलं?" असं म्हणाली. तेवढा एक क्षणच तिला आनंद झाला, मग तिचा चेहरा उतरला.

तिचं नाव तिच्या पणजीचं ठेवलेलं, जुन्या वळणाचं. तालुक्यात दुसरी कुणी त्या नावाची नसेल. आणि तिचे वडील त्या दिवशी बाजाराला आले होते. कटिंगच्या दुकानात दाढी करायला बसले होते, आणि तिथेही रेडिओ होता.

गाणं संपून थोडाच वेळ झाला असेल, ते फाटकात आले. एका गालाची दाढी झालेली, दुसऱ्या गालावर साबण वाळलेला. त्यांनी ओरडायला पाहिजे होतं, ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. ते फक्त म्हणाले, "दप्तर घे." ती वडिलांना म्हणत होती, "मी न्हाई ओ दादा, मी न्हाई टाकलं, आईची शपथ." त्यांनी परत तेवढंच म्हटलं. ती दप्तर घेऊन त्यांच्या मागोमाग गेली. मी तिथेच होते, दोन हातांवर.

सरांनी वर्गात विचारलं, कार्ड कुणी टाकलं? त्या मुलाला दोन छड्या बसल्या, त्याने नाही नाही म्हणून शपथा घेतल्या. मी शाई लागलेलं बोट मुठीत धरून बसले होते. ती परत शाळेत आली नाही. आमची बोर्डाची परीक्षा सुरू व्हायच्या आधीच तिला नांदेडला देऊन टाकली. लग्नाला वर्गातलं कुणीच नव्हतं. मला दहावीला बरे मार्क मिळाले, आणि पेढे वाटताना मला उलटी आली. सगळे म्हणाले, ऊन लागलं.

तेव्हापासून नांदेडचं नाव काढलं की मी निमित्त शोधते. नांदेडला कुणाचं लग्न असलं की मला हटकून ताप भरतो. एकदा जावंच लागलं तर बसस्टँडवर भर उन्हाळ्यात मी तोंडाला स्कार्फ गुंडाळून बसले होते. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

आणि आता त्या अ‍ॅडमिनने कुठूनसा तिचा नंबर काढून तिला ग्रुपवर घेतलं. अहमदपुरात सगळ्यांनी जमायचं ठरलं, नांदेडकरांना आणि लातूरकरांना सारखंच अंतर म्हणून. दोन दिवसांनी मला एकटीला तिचा आवाजातला निरोप आला. आवाज जाड झालेला, पण तीच. "अगं, मी बोलून राहिले. तू येनार हायस ना? मला तुला एक गोष्ट इचारायची हाय. फोनवर न्हाई. समोरासमोर."

तो निरोप मी किती वेळा ऐकला, मोजलं नाही. आवाजात राग आहे का, हे शोधत होते. रागही सापडेना आणि मायाही सापडेना. जेवण जाईना. वर्गात फळ्यावर लिहिताना माझंच अक्षर बघून हात थांबायचा. नवरा म्हणाला, "बरं वाटत नाही म्हणून कळवून टाक." कळवणारही होते. पण मी नाही गेले आणि तिने ग्रुपवर सगळ्यांसमोर विचारलं तर? गेले ती काही हिंमत करून नाही गेले, त्या भीतीनेच गेले.

एसटीत चाकूर आलं तेव्हा मी उठून उभीसुद्धा राहिले. उतरावं आणि समोरची लातूर गाडी धरावी. शेजारची बाई म्हणाली, "चाकूरला उतरायचंय का मावशी?" मी नाही म्हणून परत बसले. पुढचा सगळा रस्ता पर्सचा बंद पिळत होते.

मंगल कार्यालयात जुनी गाणी लावलेली, अ‍ॅडमिन माईक घेऊन विनोद करत होता. भिंतीला एक हार घातलेला फोटो टेकवून ठेवला होता, आमच्या वर्गातली एक मुलगी दोन वर्षांपूर्वी आजारपणात गेली, तिचा. तेवढ्यात माझी बाकावरची शेजारीण समोरून आली. अंगाने भरलेली, केस पिकलेले, हातभर बांगड्या. मला गच्च मिठी मारली आणि मनगट धरून बाहेर पडवीत घेऊन गेली. मनगट सोडलं नाही. तिथं माझी नाडी कशी उडतेय ते तिला कळत असणार.

"खरं सांगशील?" तिने विचारलं. "ते कार्ड तूच लिवलं होतंस ना?"

मी मान हलवली.

"ते मला तवाच ठाव होतं. सगळ्यांची कार्डं तूच लिवायचीस की."

"मग... घरी सांगितलं का नाहीस?"

"कशाला? लिवणाऱ्याचा काय गुन्हा? माझ्यापायी तुझी बी शाळा जायाची." ती जवळ सरकली. "मला येवढंच इचारायचंय, माझं नाव टाक म्हणून तुला सांगितलं कुणी? त्या पोरानं, का आपल्यातल्या कुन्या पोरीनं? तीस वरसं एकेकीचं तोंड आठवून राहिले मी. भांडणार न्हाई. नुस्तं कळू दे."

खिडकीतून तो हार घातलेला फोटो दिसत होता. खरं सांगते, त्या मेलेल्या मुलीचं नाव माझ्या ओठांवर आलं होतं. तेही तीन अक्षरीच. ती कुठे उठून नाही म्हणणार होती? आणि आपण पुन्हा तेच करायला निघालोय हे कळल्यावर मला माझीच इतकी भीती वाटली की मी रडायलाच लागले.

"कुणीच नाही सांगितलं," मी म्हटलं. "तिथं आधी माझं नाव होतं. मला अण्णांचं भ्या वाटलं. ब्लेडनं खरवडलं आणि तुझं लिहिलं."

तिने माझं मनगट सोडलं. आत सगळे हसत होते. तिने मला मारावं असं मला वाटत होतं. ती कठड्याला टेकून माझ्याकडे बघत राहिली, भूमितीतलं मला काही कळलं नाही की बघायची तशी.

"तुझ्या अण्णानी काय केलं असतं गं?"

"मारलं असतं."

"आन मंग?"

"चार दिवस बोलले नसते."

"शाळेतून काढलं असतं?"

हे मी इतक्या वर्षांत स्वतःला एकदाही विचारलं नव्हतं. अण्णा मारायचे, पण माझ्या शाळेची फी भरायला त्यांनी स्वतःची सायकल विकलेली होती.

"नाही," मी म्हटलं.

"मंग तुझंच ऱ्हाऊ द्यायचं की," ती म्हणाली. "दोघींची बी दहावी झाली असती."