दलदलीत टाकलेली साडी

नागरमोथ्याच्या गाठी अंगणात वाळू लागल्या की त्या वासाने मला तळ्यामागची दलदल आठवते. मोथा उगवतो तिथे त्याच्या मुळ्यांनी जमीन धरून ठेवलेली असते, पण पाणकणसं दाट झाली की खाली नुसता गाळ, म्हणून आम्ही तिकडे पाय टाकत नाही. एकदा सासऱ्यांबरोबर आम्ही दोघी मोथा खणायला गेलो, तेव्हा माझी नणंद जाड गाठींच्या लोभाने तिकडे निघाली. मी "नको जाऊ" म्हटलं, तर "तू तं सावलीले बी भेतं, वहिनी," म्हणून हसली आणि चार पावलांत कमरेपर्यंत रुतली. "वहिनी, पाय निघून नाही राह्यला," ती हळूच म्हणाली. हलली की आणखी खाली जात होती. सासऱ्यांनी काठावरून खांद्यावरचा दुपट्टा फेकला, तो पोचला नाही. "दोर आणाले गेलो तं पोरगी जाईन," ते म्हणाले. ज्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर मी कधी ढळू दिला नव्हता, त्यांच्यासमोर मी साडी सोडली, एक टोक नणंदेकडे फेकलं, दुसरं त्यांच्या हातात दिलं. त्यांनी लगेच पाठ फिरवली, टोक खांद्यावर घेतलं आणि वाकून पुढे ओढत राहिले. नणंद मोथ्यावर येऊन पडली, तेव्हा साडी तिथेच ठेवून ते मागे न बघता घरी गेले. आता ते थकले आहेत. हात धरून त्यांना ओट्यावर मीच आणते, आणि तेव्हा पदर घसरला तरी सावरायला हात सोडत नाही.