सुलेखाचा डबा

पुरुषोत्तम सरनाईकला बायकोचा राग नव्हता, डॅनियलचा होता. निदान तो स्वतःला तसं सांगायचा.

नागपूरची इंजिनीअरची नोकरी सोडून तो सुलेखामागे अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज या गावी आला, ते साल दोन हजार चार. ती पीएचडी करणार आणि हा तिच्या व्हिसावर घरी बसणार. काम करायची परवानगीच नाही! मग काय, बुवा पोळ्या लाटायला शिकले आणि रोज सकाळी बायकोचा डबा भरू लागले.

सुलेखाचा विषयही भलताच. विश्वास आणि संशय यांसाठीचे इंग्रजीतले जुने शब्द, जे आता कोणीही बोलत नाही. डॅनियल डिपार्टमेंटमध्ये तिच्याच खोलीत बसायचा, त्याचाही विषय तसलाच. फोनवर दोघांचं चालायचं, "ट्रो", "मिसट्रो", "वॉनट्रस्ट", आणि मग ही खळखळून हसायची. पुरूशी बोलताना ती शेवटची कधी अशी हसली होती?

"वॉनट्रस्ट म्हणजे काय गं?" त्याने एकदा विचारलंच.

"अरे, मेलेला शब्द आहे. तुला बोअर होईल," म्हणून ती आंघोळीला पळाली.

झालं! पुरूच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यात डबा रोज चाटूनपुसून परत यायला लागला. घरी अर्ध्या पोळीत पोट भरणारी ही बाई तिकडे सगळं संपवते? छे! माझ्या हातचं तो गोरा खातोय, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं.

मग त्याने डाव टाकला. गावातल्या एकुलत्या एका देशी किराणा दुकानातून फ्रोझन कारली आणली आणि चांगली कडूजहर भाजी केली. कारल्याचं नाव काढलं तरी सुलेखा ताटावरून उठायची. संध्याकाळी डबा लखलखीत! दुसऱ्या दिवशी पुन्हा कारलं, पुन्हा तेच.

तिसऱ्या दिवशी पुरू दुपारच्या बसने थेट तिच्या डिपार्टमेंटमध्ये धडकला. खोलीचं दार उघडंच होतं.

डॅनियल खिडकीपाशी आपलं सँडविच खात पुस्तकात बुडाला होता. सुलेखा टेबलाशी डबा उघडून बसलेली. कारल्याचा घास तोंडात, डोळे घट्ट मिटलेले, वर घटाघटा पाणी. मग दुसरा घास.

"सुलू!"

ती दचकली. "तू? इथे? काय झालं?"

"अगं, तुला कारलं आवडत नाही ना?"

"मुळीच नाही."

"मग टाकून द्यायचं!"

"वेडा आहेस का?" ती हळू आवाजात म्हणाली. "एवढी नोकरी सोडून आलास माझ्यासाठी. सकाळी उठून करतोस. तू दिलेला घास टाकू कसा? पोट भरलेलं असलं तरी संपवते मी."

पुरूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काहीतरी बोलायला हवं होतं.

"तो तुझा शब्द... वॉनट्रस्ट. अर्थ सांग ना."

"विश्वास नसणं," ती म्हणाली. "पण तो आता कोणाच्या..."

आणि ती थांबली. तिने पुरूच्या पडलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं, खिडकीपाशी बसलेल्या डॅनियलकडे पाहिलं, मग डब्यातल्या कारल्याकडे.

मग तिने डबा त्याच्यापुढे सरकवला.

"बस," ती म्हणाली. "उरलेलं तू खा."