इंजिनाचं गाऱ्हाणं

पावसच्या आमच्या बागेतला छोटा ट्रॅक्टर धूर ओकू लागला की मी ज्यांना बोलावतो, ते मिस्त्री इंजिनाला हात लावण्याआधी चप्पल काढतात. मग पिस्टन, रिंगा, बेअरिंगं गोणपाटावर नैवेद्यासारखी मांडतात आणि माझ्याकडे न बघता पुटपुटतात, "काय हाल केलेत बिचाऱ्याचे!"

इंजिन पुन्हा जोडलं की ते नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालतात. यंदा अख्ख्या वाडीदेखत म्हणाले, "बा देवा म्हाराजा, ह्या भाऊंनी दोन वर्षं ऑइल बदलला नाय, त्यांची चूक पदरात घे!"

"व्हय म्हाराजा!" वाडी ओरडली. मलाही ओरडावं लागलं.

नारळ फुटला, इंजिन मात्र ढिम्म. स्टार्टर मारून मारून बॅटरी उतरायला आली. शेवटी मिस्त्रींनी हवेच्या नळीत बोटं घातली आणि आतून स्वतःचाच फडका ओढून काढला. काम करताना आत धूळ जाऊ नये म्हणून त्यांनीच तो कोंबला होता.

कुणी हसायच्या आत त्यांनी दुसरा नारळ मागितला. हात जोडून आधीपेक्षा मोठ्यानं म्हणाले, "बा देवा म्हाराजा, ह्या मिस्त्र्याचा फडका आत ऱ्हायला, त्याचीपण चूक पदरात घे!"

"व्हय म्हाराजा!"

या वेळी सगळ्यांत मोठा आवाज माझा होता.