माळकऱ्याचं जाकीट

रंगरावाने आयुष्यात किती गाडी चालवली असेल, ते देवच जाणे. चाकणच्या एका कंपनीत तो चाचणीचा ड्रायव्हर होता. नवा ट्रक बाजारात जाण्याआधी त्याची हाडं खिळखिळी होईपर्यंत तो पळवून बघायचा, हे त्याचं काम. पृथ्वीला दोन-चार वेढे पडतील एवढं अंतर त्याने तोडलं होतं, पण सगळं कंपनीच्या कुंपणाआत, गोल ट्रॅकवर. सकाळी जिथून निघायचा तिथेच संध्याकाळी उतरायचा. घाण्याच्या बैलाला निदान ओव्हरटाइम तरी नसतो.

दर हिवाळ्यात कंपनीची एक तुकडी ट्रक घेऊन लडाखला जाई. तिथल्या गोठलेल्या पहाटे ट्रक चालू होतो की नाही, हे बघायला. रंगराव दरवर्षी नाव द्यायचा आणि दरवर्षी एखादा तरणा गडी जायचा. यंदा मात्र त्याची निवड झाली, आणि ही शेवटचीच संधी होती, कारण पंचेचाळिशीनंतर कंपनी कुणाला एवढ्या उंचावर पाठवत नसे. रंगराव मार्चमध्ये पंचेचाळिशी ओलांडणार होता. ट्रॅकबाहेरचा एक तरी रस्ता, सरळ लांब जाणारा, त्याला मरण्याआधी चालवायचा होता. एवढंच.

आणि घोडं अडलं ते जाकिटावर.

दोन वर्षांमागे एका पोराची बोटं लडाखात काळी पडली होती. तेव्हापासून तुकडीप्रमुख योगिनी मॅडमनी नियम घालून दिला होता. जो जाणार त्याने आपलं जाकीट घालून आधी कंपनीच्या कोल्ड चेंबरमध्ये बसून दाखवायचं. मायनस पंचवीसला, तासभर. टिकला तर गाडीत, नाही तर घरी.

बाकीच्यांनी पिसांची जाकिटं घेतली. हलकी, फुगीर, आत बदकाची मऊ पिसं. रंगरावाला ते जमण्यातलं नव्हतं. त्याच्या गळ्यात तुळशीची माळ होती. मोशीतलं त्यांचं घर पिढीजात माळकरी. त्याची आई भागूबाई तर अशी, की बेकरीचा केक घरात आला तर ती आधी त्याची कुंडली विचारायची. मटण-अंडं सोडाच, नात्यातल्या कुणी चामड्याचं पाकीट देव्हाऱ्याजवळ ठेवलं, तर ती जागा दोनदा पुसून घ्यायची. मेलेल्या पाखराची पिसं अंगावर घेऊन रंगराव त्या घरात शिरणार कसा?

म्हणून तो थेरगावला, डांगे चौकातल्या बाजारात गेला. दुकानदाराला पुन्हा पुन्हा विचारलं, "आत पिसं नाहीत ना?"

"दादा, शंभर टक्के फायबर. देवळात घालून जा."

मग रंगरावाने तिथे टांगलेली सगळी जाकिटं एकेक करून हातात तोलली आणि सर्वांत जड होतं ते उचललं. त्याच्या घरात घोंगडी अशीच घेतली जायची, वाकळही अशीच. जेवढं वजन तेवढी ऊब, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, ते अंगातच होतं. मोठ्या तोऱ्यात तो ते घेऊन आला.

निघायला दोन दिवस राहिले असताना त्याची चेंबरची पाळी आली. लोखंडी दार बंद झालं. काचेपलीकडे योगिनी मॅडम आणि समाधान उभे होते. समाधान तुकडीतला मेकॅनिक, लातूरकडचा, तोंडाचा फाटका पण मनाचा निर्मळ. आतल्या भिंतीवर बर्फाची भुकटी साचली होती. श्वास घेतला की नाकातले केस ताठ व्हायचे.

पहिली काही मिनिटं रंगराव मजेत होता. हातमोजे घालून त्याने मॅडमना अंगठा दाखवला. मग पाठीच्या मणक्यावरून काहीतरी गार ओघळल्यासारखं झालं. जाकीट जड होतं, पण ओल्या पोत्यासारखं नुसतंच जड. गारठा शिवणीशिवणीतून आत येत होता.

"रंगरावदादा, ठीक आहात?" स्पीकरमधून आवाज आला.

"एकदम."

खोटं होतं. पायाची बोटं कुठे संपतात आणि बूट कुठे सुरू होतात, ते त्याला कळेनासं झालं होतं. नुसतं बसून राहायचंय, तो स्वतःला बजावत होता, बसायला काय अक्कल लागते? दात एकमेकांवर आपटायला लागले, तेव्हा त्याने जबडा घट्ट आवळला, म्हणजे काचेतून दिसू नये.

"समोरच्या ताटलीतला नट उचला आणि बोल्टवर चढवा."

हात पुढे गेला. बोटांनी नट धरला, पण बोटांना ते पटेना. नट निसटला. पुन्हा धरला, पुन्हा निसटला. तिसऱ्यांदा त्याने दोन्ही हातांनी ताटलीच उचलायला बघितली आणि ती खाली पडली.

"बास. दार उघडा."

"म... मॅडम, ज... जमतंय मला..." जीभ जड पडली होती. समाधानाने त्याला खांद्याला धरून बाहेर ओढलं. तासातला निम्मा वेळही झाला नव्हता.

गरम चहाचा पेला हातात देऊन मॅडम शेजारी बसल्या. त्या रागावल्या नाहीत, आणि त्याचंच रंगरावाला जास्त वाईट वाटलं. "दादा, तुमचं जाकीट जड आहे, पण ते हवा धरत नाही. अंग गार पडलं की शरीर आधी हातापायांचं रक्त आत ओढून घेतं. घाटात तुमच्या हातात स्टिअरिंग असणार आहे. मी नाही पाठवू शकत."

"दुसरं आणतो. बिनपिसांचं."

"चांगली मिळतात तशी. मी कालच चौकशी केली तुमच्यासाठी. पण तुमच्या मापाचं यायला आठवडा लागेल, आणि गाडी परवा निघते. माझ्याकडे एक जादाचं आहे, कोरं, तुम्हाला बसेल असं. पण पिसांचं."

समाधान मागून म्हणाला, "भाऊ, माळ खुंटीला टांगा चार दिवस. आमच्याकडचे कैक जण टांगतेत अन् आल्यावर पुन्हा घालतेत. देव काय मोजत बसतो का?"

रंगरावाने चहा संपवला, ते जाकीट घातलं आणि पुन्हा आत गेला.

आणि ते इतकं उबदार निघालं की त्याला स्वतःचाच राग आला. हातात धरलं तर चिमणीएवढंही वजन नाही, आणि आत आईच्या कुशीत शिरल्यागत वाटत होतं. तो तासभर बसला. नट चढवला, उतरवला, पुन्हा चढवला. बाहेर समाधानाने टाळ्या वाजवल्या. रंगरावाचं मन मात्र मोशीला पोचलं होतं.

गाडीवरून घरी येताना त्याने मनात दहा थापा रचल्या. कापूस आहे म्हणावं. फायबर म्हणावं. म्हातारीला काय कळणार? सत्तरीची बाई, फणी करताना आरसा बघत नाही, ती जाकिटाची शिवण उसवून बघणार थोडीच!

दारातच बायकोने, अंजलीने, पिशवी हातात घेतली. जाकिटाच्या आत शिवलेली चिठ्ठी वाचून तिचा चेहरा उतरला. "अहो, हे तर..."

"गप. आईला सांगू नको."

"मी कशाला सांगतेय? तुम्हीच सांभाळा म्हणजे झालं."

दिवेलागण झाली होती. स्वयंपाकघरातून भागूबाईची हाक आली, "रंगा, आणलंस का रं नवं जाकीट? आण हिकडं. हळदीकुंकू लावते."

रंगरावाने कपाळावर हात मारला. एवढं मोठं विसरलो कसा? त्यांच्या घरात नवा कपडा कधी कुणी तसाच अंगात घातला नव्हता. पोरांचा शाळेचा गणवेश असो की लग्नाचा शालू, आधी कॉलरला किंवा पदराला कुंकवाचं बोट, मग देव्हाऱ्यापुढे पाटावर, आणि मगच अंगावर. आईशी खोटं बोलणं एक वेळ जमलं असतं. पण आता ते पाखरू विठोबाच्या पुढ्यात जाऊन बसणार होतं, आणि तेही आईच्या हातून.

भागूबाईने पाट पुसला. जाकीट त्यावर नीट घडी करून ठेवलं, वरून हात फिरवला. "केवढं मऊ हाय," ती कौतुकाने म्हणाली. तिने बोट कुंकवात बुडवलं.

आता गप्प बसायचं. फक्त गप्प बसायचं, की परवा लडाख. अंजली हातात पळी धरून चुलीजवळ थिजली होती. बोट कॉलरवर टेकणार, एवढ्यात रंगरावाच्या तोंडून निघून गेलं, "आई, थांब. देवाम्होरं ठिवू नको ते."

"का रं?"

"आत पिसं हायेत. बदकाची."

भागूबाईचं बोट हवेतच राहिलं. "झडलेली का मारलेल्याची?"

इथेही सुटायला वाट होती. झडलेली म्हटलं असतं तरी भागलं असतं. "मारलेल्याची," रंगराव म्हणाला.

"दुसरं मिळत न्हाई?"

"मिळतं, पण आठवड्यानं. गाडी परवा निघती."

"मंग जाऊ नको."

झालं. हेच ऐकावं लागणार हे त्याला ठाऊक होतं, तरी ते त्याला गिळता येईना. जमिनीचं काय करायचं ते वडिलांनी ठरवलं, नोकरी चुलत्याने लावली, बायको आईने पसंत केली. रंगरावाने कशालाच कधी नाही म्हटलं नव्हतं, आणि काही मागितलंही नव्हतं.

"आई, मला जायचंय," तो म्हणाला. "सगळं आयुष्य येकाच गोलात फिरलो. येकदा मला बाहेर जायचंय. वाटलं तर माळ काढून देवापाशी ठिवतो. आल्यावर पुन्हा घालीन." त्याने गळ्याकडे हात नेला.

भागूबाईने फटकन त्या हातावर चापट मारली. "हात काढ! त्या बर्फात ह्या माळेबिगर तुझ्यासंगं दुसरं कोण हाय?"

मग ती बराच वेळ देवाकडे बघत बसली. शेवटी तिने कुंकवाचं बोट पदराला पुसलं, पाटावरचं जाकीट उचललं आणि त्याच्या बाहीत हात घातला.

"आई, अहो..." अंजली पुढे झाली.

"सर बाजूला." नऊवारीवरून, गळ्यातल्या माळेवरून भागूबाईने ते जाकीट अंगावर चढवलं. चेन लावता येईना, तेव्हा म्हणाली, "लाव रं." रंगरावाने वाकून चेन लावली. म्हातारी विठोबाच्या पुढ्यात मांडी घालून बसली. उभ्या जन्मात जिने अंड्याचं टरफल ओलांडलं नव्हतं, ती.

"घरात नवी वस्तू आधी वडीलधाऱ्यानं वापरायची असती," ती देवाला सांगितल्यागत म्हणाली. "पाप लागायचंच असंल तर पयलं मला लागू दे. माझा हिशेब तसाबी लवकर व्हणार हाय."

रंगराव तिच्या शेजारी जमिनीवर बसला. त्याला रडू फुटलं आणि त्याने ते लपवलं नाही. थोड्या वेळाने त्याने चेनीकडे हात नेला. "झालं, आई. काढ आता."

तिने त्याचा हात बाजूला सारला.

"थांब. नुसतं अंगाला लावून काढलं तर ते देवाला फसवल्यागत व्हईल. चांगली ऊब येऊ दे."