खुंटीला लावलेला बिल्ला

कोल्हापुरात एका वर्कशॉपमध्ये लोखंड कापायच्या लेथवर लागून मला सहा वर्षं झाली होती, तरी मालक मला पावणंच म्हणायचे. माझं गाव वऱ्हाडात. सातवीत शाळा सुटली ती सुटलीच. घरापासून इतक्या लांब, ना शिक्षण ना ओळख, अशा माणसाच्या हातात त्यांनी मशीन दिलं, हे मी विसरलेलो नाही. बाकी बरंच विसरतो.

त्या वर्षी सुरुवात मापापासून झाली. पंपाचा शाफ्ट मोजायचो आणि मशीनपाशी हात नेईपर्यंत माप डोक्यातून गेलेलं असायचं. मग उजव्या हाताला कंप सुटला. एका आठवड्यात तीन शाफ्ट जादा कापले गेले, तेव्हा मालक शेजारी येऊन उभे राहिले.

"पावणं, घेताय की काय?"

"नाही मालक. आजवर थेंब नाही."

"मग शाफ्टनं घेतलीया व्हय?"

सगळे हसले. मीही हसलो. पण लेथ सुटलं की कोल्हापूर सुटलं, एवढं मला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी मालकांनीच मला स्कूटरवर बसवून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी हात पुढे धरायला लावले, डोळे मिटून बोट नाकाला लावायला सांगितलं, शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं. मी शहाऐंशीपर्यंत गेलो आणि अडकलो.

"आधी कुठे काम करत होता?"

मी सांगितलं. इकडे येण्याआधी मी दूरच्या एका अणुवीज केंद्रात ठेकेदाराचा मजूर होतो. तिथे एकदा नळ फुटला आणि किरणं असलेलं पाणी आतल्या खोलीत पसरलं. रबरी बूट आणि प्लॅस्टिकचा झगा घालून आम्ही ते फडक्यांनी टिपलं. एकेकाने काही मिनिटंच पुसायचं. बाहेरचा माणूस घड्याळ बघून ओरडायचा, की हा बाहेर, पुढचा आत. असं दोन महिने चाललं. काम सोडताना मिळालेला कागद मी जपून ठेवला होता, तो पुढे केला. अंगाला किती किरणं लागली ते त्यावर लिहिलेलं होतं.

डॉक्टरांनी तो दोनदा वाचला. "हे तर अगदीच थोडं आहे. एवढ्याने मेंदूला काही होतं, असं मी तरी वाचलेलं नाही."

"मग झालं की!" मालक म्हणाले. "टॉनिक द्या, सुटला पावणा."

तिथे गप्प बसलो असतो तर त्या दिवसापुरतं निभावलं असतं. पण टॉनिकने हाताचा कंप थांबला नसता, आणि मालकांनी मला चोरून पिणारा ठरवलं असतं. ते मला सहन झालं नसतं.

"डॉक्टरसाहेब, त्या कागदावरचं खरं नाही," मी म्हणालो.

छातीला लावायला आम्हाला एक बिल्ला दिलेला असायचा. किती किरणं लागली ते त्यावरून कळायचं. बिल्ल्यावर ठरलेली मर्यादा भरली की माणसाला घरी बसवायचे, मजुरी बंद. म्हणून आत जाताना आम्ही तो कपड्यांच्या खुंटीला अडकवून जायचो. मुकादमाला माहीत होतं. बिल्ला आमच्यावर पहारा ठेवायला आहे, असंच आम्ही समजत होतो. आपण साहेबांना फसवतोय याची मजा वाटायची. तो आमच्यासाठी होता, हे कुणी सांगितलं नाही. सांगितलं असेल तर इंग्रजीत.

डॉक्टरांनी कागदाची घडी घालून तो मला परत दिला. मग म्हणाले, "म्हणजे हा आकडा खुंटीचा. तुम्हाला किती लागलं, ते आता कुणालाच सांगता येणार नाही. हात त्यानेच थरथरतो असं मी म्हणू शकत नाही. त्याने नाही, असंही म्हणवत नाही."

परतीच्या वाटेवर मालकांनी स्कूटर जोरात हाणली. मला वाटलं, संपलं. वर्कशॉपच्या दारात त्यांनी स्कूटर थांबवली.

"सहा वर्षांत बोलला न्हाईस."

"काम जाईल अशी भीती वाटली, मालक."

"आरं, मग आज वाटली न्हाय व्हय?" मी स्कूटरवरून खाली उतरलो. "उद्यापासनं लेथ न्हाय. शाफ्टला तेल लावून कागदात गुंडाळायचं. तिथं थरथरलं तर थरथरू दे."

मी मान डोलावली. माझ्या लेथवर दुसरा कारागीर उभा राहिला, त्याच्याकडे पहिला महिनाभर मी बघितलं नाही. कंप गेला नाही, फार वाढलाही नाही. तपासणीला मालक अजून बरोबर येतात आणि दर वेळी विचारतात, "घावलं का कारण?" डॉक्टर नाही म्हणाले की आम्ही परत कामावर येतो.