गुब्बीचं पोट

धारवाडच्या सुभाष रोडवर महादेव कोपर्डे, म्हणजे सगळ्यांचे अण्णा, यांचं पत्र्याच्या ट्रंकांचं दुकान होतं. घराणं मूळचं गडहिंग्लजकडचं; पण तीन पिढ्या इथंच गेल्यानं त्यांचं मराठी बोलता बोलता कधी कन्नडात शिरायचं ते त्यांनाच कळत नसे. १९८१ च्या उन्हाळ्यात हे दुकान जवळजवळ महिनाभर बंद राहिलं, कारण अण्णांची कुत्री जेवेना.

कुत्री पांढरी, मांजराएवढी. गुब्बी, म्हणजे चिमणी, हे नाव त्यांच्या बायकोनं, अनसूयाबाईंनी ठेवलेलं. त्या जाऊन दीड वर्ष झालं होतं. आता घरात अण्णा आणि गुब्बी, एवढीच दोघं.

गुब्बीनं आधी दूधभात सोडला. मग सकाळी पिवळं ओकायला लागली, दिवसभर कोपऱ्यात पडून राहू लागली. पोट जरा गोल दिसायला लागलं तेव्हा शेजारच्या इंदुमतीअक्का हसून म्हणाल्या, "अण्णा, थानं बघा कशी गुलाबी झालीत. गोड बातमी आहे!"

"तो शब्द माझ्या घरात काढू नका," म्हणत अण्णांनी दार लावून घेतलं.

तो शब्द त्या घरात आधी एकदा आला होता. लग्नाला एकोणीस वर्षं झाल्यावर, बेचाळिसाव्या वर्षी अनसूयाबाईंची पाळी थांबली, उलट्या सुरू झाल्या, पोट वाढलं. अण्णांनी गल्लीभर पेढे वाटले. पाचव्या महिन्यात अनसूयाबाई म्हणाल्या, "आत काही हलत नाही हो. दाखवू या का?" अण्णा खेकसले, "अभद्र बोलू नकोस." दाखवायला नेलं तेव्हा सातवा महिना होता. पोटात मूल नव्हतं, गाठ होती.

अण्णांनी गुब्बीला पिशवीत घातलं आणि मंगळवार पेठेत बाळाचार्यांकडे नेलं. जनावरांच्या दवाखान्यात तीस वर्षं कंपाउंडर होते ते. त्यांनी पोट हलक्या हातानं चाचपलं.

"अंजब्याडरी, अण्णा. घाबरायचं काही नाही. गाभण आहे. मागच्या महिन्यात कधी सुटली होती?"

"एकदा. दुपारची. पण पोट गाठीनंही वाढतं."

"थानं भरलीत की."

"ती उगाच नाही भरत कधी?"

बाळाचार्यांना खोटं बोलता येत नसे. "भरतात. पिल्लू नसतानाही एखादीला दूध येतं. पण माझ्या बोटांना आत सुपाऱ्यांसारखं लागतंय, वेगवेगळं."

"म्हणजे गाठीच ना!" अण्णांचा आवाज फाटला. "कापा तिला. आजच कापा."

"तीन आठवडे थांबा. मग नळी लावून ऐकू."

ते तीन आठवडे अण्णा नीट जेवले नाहीत. गुब्बी पुन्हा खायला लागली, पोट ताणलं, तरी त्यांचा विश्वास बसेना. दुपारभर तिच्या पोटावर तळवा ठेवून बसायचे. "हल गं," म्हणायचे, "एकदा तरी हल."

ठरल्या दिवशी बाळाचार्यांनी नळी लावली, बराच वेळ ऐकलं आणि ती अण्णांच्या कानात दिली. आधी गुब्बीचं काळीज ऐकू आलं. मग नळी थोडी सरकवल्यावर दुसरं, पार बारीक आणि भलतंच घाईतलं. त्याच्या पलीकडे आणखी एक.

अण्णांनी नळी काढली. "तिनं सांगितलं होतं मला," ते म्हणाले. "हलत नाही म्हणून सांगितलं होतं. मी गप्प बसवलं तिला."

बाळाचार्य हात धुवायला आत गेले आणि मुद्दाम उशिरा बाहेर आले.

दहा दिवसांनी भरदुपारी गुब्बी व्याली. तिसरं पिल्लू अडलं, तेव्हा बाळाचार्यांनी येऊन ते ओढून काढलं; ते मेलेलं होतं. दोन जगली, गुब्बीही जगली. अण्णांनी मेलेलं पिल्लू स्वतः पुरलं आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं.

पुढं गल्लीत कुणाच्या घरी दिवस गेल्याचं कानावर आलं, की अण्णा त्या नवऱ्याला भर रस्त्यात अडवायचे. "दवाखान्यात नेलंस का? ती काय म्हणते, विचारलंस का?" लोक चिडायचे, म्हातारा चळला म्हणायचे. अण्णा उत्तर मिळेपर्यंत वाट सोडत नसत.